आधी शेवटची शिवण

मावशीने टेप टाचणीच्या मानेभोवती फिरवला, एक बोट आत घालून सैल केला, उजेडाकडे वळवून आकडा वाचला आणि ओठातल्या ओठात एक शिवी हासडली. अकरा इंच. गेल्या रविवारी साडेदहा, त्याच्या आधीच्या रविवारी दहा. खाऊन-पिऊन मान वाढली असती तर कोण कशाला रडलं असतं! पण पोरगी आठ-दहा दिवस तापाने फणफणत होती आणि वाटीभर भात तिच्यापुढून तसाच्या तसा परत जात होता.

"किती?" टाचणीने विचारलं.

"बोलू नकोस, मान हलते."

"पण किती?"

"अकरा."

"मग मी जाडी झाले?"

"झालीस. नुसती मानेने."

टाचणी म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. वय सात. शाळेच्या हजेरीत तिला चांगलं नाव होतं, पण अंगाने बारीक, मानेने ताठ आणि नको तिथे टोचणारी, म्हणून मावशीने गमतीने हाक मारली तीच तिला चिकटली. मावशी स्वतः शिवणारी. गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात मागच्या मशीनवर ती चौदा वर्षं बसत होती, आणि मोजल्याशिवाय तिचा कशावरच विश्वास नसे. तिच्या मापाच्या वहीत पुढून गिऱ्हाइकांची छाती, कंबर, बाही होती. वही उलटी करून मागच्या पानापासून फक्त टाचणीची मान होती. दर रविवारी एक आकडा, शेजारी तारीख.

गाठ पहिल्यांदा दिसली तेव्हाही मान अकराच होती. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी, लिंबाएवढी. दवाखान्यात टीबी निघाला. रक्त तपासलं तर एचआयव्हीही निघाला, जन्मापासूनचा, आईकडून आलेला. मावशीला धक्का बसला असं काही म्हणता येणार नाही. पोरीची आई त्याच आजाराने गेली होती. पोरीचं रक्त तपासायला हवं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कोणीतरी तपासून घेतलं असेल.

डॉक्टरांनी आधी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. त्या दोन महिन्यांत पोरगी अशी काही सुधारली की मावशीला तिच्या फ्रॉकच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी मोकळ्या कराव्या लागल्या. ताप गेला, भूक आली, मान दहावर आली. त्या गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची, त्याचं टाचणीला कोण कौतुक! मग मुलांच्या चष्मेवाल्या डॉक्टर म्हणाल्या, आता एचआयव्हीचं औषध सुरू करू. पाण्यात विरघळणारी गोळी, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. वाटीच्या तळाशी चिकट साका राहतो, तो थोडं पाणी घालून हलवून पाजायचा, कारण औषध त्यातच असतं. मावशी कान टवकारून ऐकत होती. पुरळ आलं तर काय, उलटी झाली तर काय, गोळी चुकली तर काय, सगळं तिने वहीत लिहून घेतलं. आणि दुसऱ्याच आठवड्यात सगळं उलटं फिरलं.

आता दवाखान्याचं सांगायला हवं, कारण मावशीच्या नाकी नऊ आणले ते रोगाने कमी आणि दवाखान्याने जास्त. तिथे दोन खिडक्या होत्या, आणि त्या एकमेकींच्या सवती होत्या. टीबीची खिडकी इमारतीच्या मागे, पत्र्याखाली, उघड्यावर. तिचं कार्ड लाल. एचआयव्हीची खिडकी दुसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला. तिचं कार्ड पिवळं. लोकांना लाज वाटू नये म्हणून तिथली पाटी काढून टाकली होती, त्यामुळे नवीन आलेल्या प्रत्येकाला ती खिडकी कुठे आहे हे चारचौघांत मोठ्याने विचारावं लागायचं.

मावशी तापलेल्या पोरीला कडेवर घेऊन आधी मागे गेली.

"आमच्या गोळ्या दोन महिने लागू पडल्या ना?" पत्र्याखालचा माणूस लाल कार्ड चाळत म्हणाला. "मग हे आमच्यामुळे नाही. नवीन औषध वरचं आहे. वर विचारा."

बेचाळीस पायऱ्या चढून मावशी वर गेली.

"गाठ आलीय ना? गाठ टीबीची," वरची सिस्टर म्हणाली. "खाली दाखवा."

"खालचे म्हणतात वर दाखवा."

"अहो, ते असंच म्हणतात."

"मग मी काय जिन्यात दाखवू? मधल्या मजल्यावर कोण बसतं?"

मधल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर बसायचे. सिस्टर वाईट नव्हती, तिच्यापुढे चाळीस माणसं होती. तिने गुरुवारी यायला सांगितलं, मुलांच्या डॉक्टर गुरुवारी असतात म्हणून. गुरुवारी मावशी दुकान बुडवून गेली, तर चष्मेवाल्या डॉक्टर प्रशिक्षणाला गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरांनी गाठ बोटाने दाबली, टाचणी किंचाळली, आणि त्यांनी तापाचं पातळ औषध लिहून दिलं. सिस्टरने दोन्ही कार्डांवर शिक्का मारून पुढच्या महिन्याच्या गोळ्या हातात ठेवल्या. शिक्का मारण्यात मात्र दोन्ही खिडक्यांनी कधी चूक केली नाही.

शनिवारी दुकानात मावशीचा हात चालेना. चाळीस शर्टांच्या ढिगातला एक शर्ट तिने पुन्हा पुन्हा पाहिला. कॉलर बसवल्यावर पाठीत चुणी पडत होती. तिने खांद्याची शिवण उसवायला ब्लेड उचललं तेवढ्यात मास्तर ओरडले. मास्तर दुकानाचे मालक. कात्री धरायला मावशीला त्यांनीच शिकवलं होतं, आणि अजूनही ते रोज काहीतरी शिकवायचेच.

"चौदा वर्षं झाली, तरी तेच! कॉलर लावायच्या आधी चुणी होती का?"

"नव्हती."

"मग खांद्याने तुझं काय घोडं मारलंय? कपडा बिघडला की आधी शेवटची शिवण उसवायची. जे बरोबर बसलंय त्याला हात लावायचा नाही. किती वेळा सांगितलं?"

मावशीने कॉलर उसवली. पाठ सरळ झाली.

रविवारी मान पावणेबारा भरली. जुन्या गाठीच्या खाली दुसरी आली होती आणि जुनीवरची कातडी लाल, चकचकीत झाली होती. टाचणी मान एका बाजूला कलती धरून बसायची, आणि बोलायची तेही दात न उघडता. मावशी वाटीत संध्याकाळची गोळी टाकून बसली. गोळी फसफसून विरघळत होती आणि मास्तरांचा आवाज डोक्यात घुमत होता. टीबीच्या गोळ्या बसल्या होत्या बरोबर. चुणी पडली ती या गोळीनंतर.

आणि दुसरंही एक होतं. ताईचं.

ताई, म्हणजे टाचणीची आई. तिलाही हाच आजार, हेच औषध. दीड महिना घेतलं आणि सोडून दिलं. "त्या गोळ्यांनी मला जास्त होतं गं," ती म्हणायची. "आधी नुसता खोकला होता. आता ताप चढतो, काखेत गाठी आल्यात." मावशीने तेव्हा तिला काय म्हणायचं बाकी ठेवलं होतं? नाटकी म्हणाली. पोरीचा विचार नाही म्हणाली. जगायचंच नाहीये तुला, म्हणून निमित्त शोधतेस, असंही म्हणाली. दोघी चार महिने बोलल्या नाहीत. पाचव्या महिन्यात बोलायला ताई उरली नव्हती. मावशीने तिला अजून माफ केलं नव्हतं. गोळ्या सोडल्या आणि मेली, आणि पोरगी माझ्या गळ्यात टाकून गेली, असं ती मशीन चालवता चालवता स्वतःशी म्हणायची.

आता वाटीकडे बघताना मावशीला पहिल्यांदा वाटलं, ताई खोटं बोलत नसेल तर?

तिने वाटी मोरीत ओतली. बाकीच्या गोळ्या बटणांच्या डब्यात टाकल्या, वर चार भोकांची पांढरी बटणं पसरली, आणि डबा फळीवर ठेवला.

आणि पोरगी बरी झाली! हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट. पुढच्या रविवारी मान साडेअकरा, मग अकरा, मग साडेदहा. ताप उतरला. टाचणी भात मागून खाऊ लागली आणि घरच्या मशीनच्या पायट्यावर उभी राहून डोकं खाऊ लागली. मावशी मनातल्या मनात दोन्ही खिडक्यांना वेडावून दाखवत होती. इतके शिकलेले लोक, आणि शिंपिणीला कळलं ते एकालाही कळू नये! रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते काही उगीच नाही. टीबीच्या गोळ्या मात्र ती घड्याळ लावून देत होती. बरोबर बसलेल्या शिवणीला तिने हात लावला नव्हता.

महिना संपला तशी ती गोळ्यांचा डबा घेऊन दवाखान्यात गेली. तिथे उरलेल्या गोळ्या मोजतात हे तिला माहीत होतं, म्हणून बरोबर चार उरतील असा हिशेब तिने ठेवला होता. सिस्टरने चार मोजल्या, शाबासकी दिली आणि शिक्का मारला. गोष्ट तिथेच संपली असती. पण त्या दिवशी चष्मेवाल्या डॉक्टर होत्या, आणि कौतुकाने मावशीची जीभ सैल सुटली.

"मध्ये मान किती सुजली होती माहितीये? पावणेबारा! तुम्ही नव्हता. आता बघा, साडेदहा." आणि तिने मापाची वही उलटी करून टेबलावर ठेवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

डॉक्टरांनी वही जवळ ओढली. बोट एकेका तारखेवरून खाली नेलं. मग पिवळं कार्ड उघडलं आणि तारखा शेजारीशेजारी धरल्या.

"किती छान नोंद ठेवलीये तुम्ही. आमच्या कागदात यातलं काहीच नाही." त्यांनी चष्मा वर केला. "औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात सूज आली. ते होतं कधी कधी. पण इतक्या झटकन उतरली कशी? या रविवारपासून." त्यांचं बोट पावणेबारावर थांबलं. "या रविवारी तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"मावशी."

"काही नाही म्हटलं ना!"

"तिने वाटी मोरीत ओतली," टाचणी म्हणाली. तिचं नाव काही उगीच टाचणी नव्हतं.

डॉक्टर संतापल्या. त्यांनी तो दाबायचा प्रयत्न केला, पण पेनाचं टोपण त्यांच्या हातात तीनदा उघडलं-मिटलं. "पूर्ण महिना?"

"मग काय करायचं होतं?" आता मावशीच्या तोंडचा बांध फुटला. "खाली जा, वर जा! पोरगी डोळ्यांदेखत फुगत होती. तुम्ही म्हणालात पुरळ येईल, उलटी होईल. पुरळ आलं नाही, उलटी झाली नाही. मान सुजेल असं कोणी म्हणालं? माझी वही बघा, सगळं लिहिलंय, ते एक वाक्य नाही. औषध घेऊन पोर आजारी पडते, सोडलं की बरी होते. मी आंधळी आहे का?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "नाही. तुम्ही बरोबर बघितलंत. अर्थ चुकीचा लावलात."

आणि मग त्यांनी समजावलं. एचआयव्हीने पोरीच्या अंगातली लढायची ताकद संपवली होती. टीबीचे जंतू गाठीत बसले होते, पण त्यांना ओळखून अंगावर धावून जाईल असं शरीरात कोणी उरलं नव्हतं. नव्या औषधाने ती ताकद परत आली. आली ती तडक टीबीवर तुटून पडली, मेलेल्या जंतूंवरही आणि उरलेल्यांवरही. ताप, सूज, लाल कातडी, हे सगळं त्या झुंजीचं.

"म्हणजे पोरगी सुधारत होती म्हणून सुजत होती?"

"बहुतेक तसंच. गाठीतला पू काढून तपासायला हवा, टीबीची औषधं लागू पडतायत ना, हेही पाहायला हवं. पण ताकद वाढायला लागली की असं होऊ शकतं. औषध थांबवलंत, ताकद परत खचली, झुंज थांबली. म्हणून मान उतरली."

इतके दिवस मावशी ज्याला बरं होणं समजत होती, ते पोरीचं शरीर हात टेकत होतं.

"आणि पुन्हा सुरू केलं तर?"

"पुन्हा सुजेल. खोटं कशाला सांगू? सूज आवरायचं औषध सोबत देईन, त्याने त्रास कमी होईल. श्वास लागला, उलट्या थांबेनात, पोर गुंगीत गेली, तर त्याच पावली घेऊन या, कुठल्याही खिडकीशी थांबू नका. पण गोळी थांबवायची नाही. नाही घेतली, तर हा टीबी नाही तर पुढचा काहीतरी आजार तिला नेईल."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "राहिलं."

राहिलं! एवढंच. मावशीला टेबलावरचे सगळे शिक्के उचलून खिडकीबाहेर फेकावेसे वाटले. तिने तसं काही केलं नाही. तिने पेन मागितलं आणि वहीत, ते वाक्य ज्या पानावर असायला हवं होतं त्या पानावर, लिहिलं: मान सुजेल. घाबरायचं नाही. सोडायचं नाही. लिहिताना तिला ताईच्या काखेतल्या गाठी आठवल्या. मग ती तिथेच, सिस्टर आणि चाळीस माणसांसमोर, पदराने तोंड दाबून रडली. ताई खरं बोलत होती. गोळ्यांनी तिला खरंच जास्त झालं होतं. तिलाही कोणी ते एक वाक्य सांगितलं नव्हतं, आणि सख्ख्या बहिणीने तिला खोटारडी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने मास्तरांना नुसतं एवढंच सांगितलं की त्यांचा नियम पोरीच्या औषधाला लावला आणि तोंडघशी पडले.

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. "अगं बाई, मी कपड्याबद्दल बोललो होतो. माणूस उसवायला तुला कोणी सांगितलं?"

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गाठीतून पू काढला, तो तपासायला गेला, टीबीची औषधं लागू पडत आहेत असा निरोप आला. सूज आवरायचं औषधही मिळालं. पण शरीर काही कोणाचं ऐकून घेत नाही. पहिल्या रविवारी पावणेअकरा. दुसऱ्या रविवारी सव्वाअकरा, आणि ताप.

त्या संध्याकाळी मावशीने वाटीत गोळी टाकली तशी टाचणीने ओठ घट्ट मिटले.

"उघड."

मुंडी हलली.

"टाचणे, उघड तोंड. जास्त झालं हं."

टाचणीने वाटीला हाताने फटका मारला. औषध फरशीवर, मशीनच्या पायट्यावर, कापडाच्या ढिगावर उडालं. मावशीचा हात उठला. कसाबसा तो तिने खाली घेतला, पण आवाज चढलाच. "कळतं का तुला काय सांडलंस ते?"

"मला दुखतंय!" टाचणी दात न उघडता ओरडली. "मागच्या वेळी तू मोरीत ओतलंस आणि मी बरी झाले. आता पण ओत. तुला माहितीये. तूच केलंस!"

पोरीला हा धडा मावशीनेच शिकवला होता, आणि पोरगी हुशार होती, एकदाच दाखवलेलं पाठ करणारी. दवाखान्यावर चिडून झालं होतं, मास्तरांवर, नशिबावर. आता चिडायला समोर फक्त सात वर्षांची वाकडी मान होती.

ती फरशी पुसत बसली. पुसून झाल्यावर तिथेच मांडी घालून टाचणीला समोर ओढलं.

"तुझ्या आईला पण असंच दुखायचं. याच औषधाने. ती मला सांगायची, मी म्हटलं नाटकं करतेस. ती नाटकं करत नव्हती. मी चुकले."

टाचणी ऐकत होती.

"तिने औषध सोडलं. मग ती गेली. दुखणार आहे आणि तरी घ्यायचं, हे तिला कोणी सांगितलंच नाही. तुला मी सांगतेय. दुखणार आहे. अजून वाढेल. मागच्या वेळी तू बरी नव्हती झालीस, तुझं अंग दमून गप्प बसलं होतं. मी चुकीचं मोजलं."

"तू चुकीचं मोजत नाहीस," टाचणी संशयाने म्हणाली.

"मोजलं बरोबर. समजले चुकीचं."

टाचणीने गाठीवर हात ठेवला. "किती वाढेल?"

मावशी उठली. कापडाच्या ढिगातून तिने एक बेतलेली कॉलर काढली. टाचणीच्या नव्या गणवेशाची, सकाळीच कापलेली. तिच्या मानेभोवती धरली. पुढे दोन बोटं जास्तीची लोंबत होती.

"बारापर्यंत," मावशी म्हणाली. "मी बाराची कापलीय."

"आणि परत दहा झाली की? ढगळ दिसेल. पोरं हसतील."

"झाली की मी उसवीन. रात्रंदिवस बसून उसवीन, तू फक्त दहा हो."

मावशीने डब्यातून दुसरी गोळी काढली, वाटीत टाकली, पाणी घातलं. दोघी ती विरघळेपर्यंत बघत राहिल्या. टाचणीने वाटी दोन्ही हातांनी धरली, तोंड वाकडं करत पिऊन टाकली आणि रिकामी वाटी पुढे केली.

"पाणी घाल," ती म्हणाली. "खाली राहिलंय."